वजू: पाणी, शब्द आणि शंका

मराठीत ‘हौद’ हा शब्द इतका रुळला आहे की तो अरबी आहे हे कुणी सांगितल्याशिवाय लक्षातही येत नाही. अठराव्या शतकात पेशव्यांनी कात्रजहून नळाने पाणी आणून पुण्यात ठिकठिकाणी हौद बांधले. बदामी हौदासारखी नावे आजही पत्त्यांमध्ये टिकून आहेत. वाड्याच्या चौकात हौद असतो, गणपतीच्या विसर्जनाला हौद लागतो. याच अरबी शब्दाचे फारसी-उर्दू रूप ‘हौज’. दिल्लीच्या १६५६ साली पुऱ्या झालेल्या जामा मशिदीच्या अंगणात मध्यभागी जो पाण्याचा चौकोन दिसतो, तो हौज. आपल्याकडे हौद पिण्यावापरण्याच्या पाण्याचा, तर तिथे तो नमाजापूर्वीच्या प्रक्षालनाचा, म्हणजे वजूचा. हनफी परंपरेतल्या मशिदीत हा हौद किमान दहा हात लांब आणि दहा हात रुंद असावा असा संकेत आहे. दहाच हात का? या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो की आपण बांधकामाच्या इतिहासातून भाषेच्या, आणि भाषेच्या इतिहासातून कायद्याच्या इतिहासात जाऊन पोहोचतो.

वजू कसा करावा, तो कशाने मोडतो आणि पुन्हा केव्हा करावा, हा विषय वरवर पाहता कर्मकांडाचा, म्हणून साहित्याच्या अभ्यासकाने ओलांडून पुढे जाण्याचा वाटतो. प्रत्यक्षात इस्लामी फिक्हच्या, म्हणजे विधिविचाराच्या, बहुतेक जुन्या ग्रंथांचे पहिलेच प्रकरण ‘तहारत’ अर्थात शुचितेचे असते. विद्यार्थ्याने कायदा शिकायला सुरुवात करायची ती पाण्यापासून. त्यामुळे संहितेचा अर्थ कसा लावावा, शंका आली तर काय करावे, आणि आपल्याहून वेगळा अर्थ लावणाऱ्यामागे उभे राहून प्रार्थना करता येते का, हे तिन्ही प्रश्न या परंपरेत सर्वप्रथम वजूच्या निमित्ताने विचारले गेले. ते प्रश्न पुढे मशिदीबाहेर पडले आणि त्यांतला एक तर विसाव्या शतकात भारताच्या विधिमंडळापर्यंत आला.

मूळ आज्ञा कुराणाच्या पाचव्या सूरेतील सहाव्या आयतीत आहे. नमाजासाठी उभे राहाल तेव्हा चेहरा आणि कोपरांपर्यंत हात धुवा, डोक्यावरून ओला हात फिरवा आणि पाय घोट्यांपर्यंत, असा तिचा आशय. चूळ भरणे, नाकात पाणी घेणे, कान पुसणे, प्रत्येक अवयव तीनदा धुणे हे तपशील प्रेषितांच्या आचरणाच्या कथनांतून, म्हणजे हदीसमधून, आलेले आहेत. प्रार्थनेपूर्वी हातपाय धुण्याची रीत त्या भूभागाला नवी नव्हती. यहुद्यांमध्ये हात धुण्याचा विधी होता, जरथुष्ट्री परंपरेत चेहरा-हात-पाय धुण्याचा पादियाब होता. पाणी नसेल तर कोरड्या, शुद्ध मातीवर हात टेकवून ते चेहऱ्यावर आणि हातांवर फिरवावेत, ही ‘तयम्मुम’ची सवलतही याच आयतीत आहे. तिच्यामागची कथा मोठी घरगुती आहे. प्रवासात हजरत आयशांचा कंठा हरवला, तो शोधण्यासाठी सारा काफिला थांबला. मुक्कामावर पाणी नव्हते, लोक कुरकुरू लागले, आणि तेव्हा ही सवलत अवतीर्ण झाली. सकाळी उंट उठवला तर कंठा त्याच्याखालीच सापडला. नियमाच्या जन्मकथेतच नियमाची लवचीकता सांगितलेली आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

आता पहिला प्रश्न. ‘नमाजासाठी उभे राहाल तेव्हा’ याचा शब्दशः अर्थ घेतला तर दिवसातून पाच वेळा, प्रत्येक नमाजाला नवा वजू लागेल. प्रेषित बहुधा तसे करीतही असत. परंतु इ.स. ६३० मध्ये मक्का हाती आली त्या दिवशी त्यांनी सर्व नमाज एकाच वजूने अदा केले. हजरत उमर यांनी आश्चर्याने विचारले, तेव्हा हे आपण जाणूनबुजून केले, असे उत्तर मिळाले. या कथनावरून विधिवेत्त्यांनी निष्कर्ष काढला की आयतीत एक अध्याहृत पद आहे: उभे राहाल ‘आणि तुमचा वजू नसेल’ तेव्हा. वजू असताना पुन्हा वजू करणे पुण्यप्रद, पण सक्तीचे नाही. प्रत्येक नमाजाला वजू म्हणजे उत्तम आचरण, आणि वजू मोडल्यावरच वजू म्हणजे नियम. आदर्श आणि अनिवार्य यांच्यामध्ये इथे जाणीवपूर्वक जागा सोडलेली आहे.

साहित्याच्या विद्यार्थ्याला अधिक रस वाटावा असा दुसरा मुद्दा एका स्वराचा आहे. आयतीतील ‘तुमचे पाय’ हा शब्द दोन प्रकारे वाचला जातो: ‘अर्जुलकुम’ आणि ‘अर्जुलिकुम’. अरबीत कारकसंबंध शब्दाच्या अंत्य स्वरावरून कळतो. ‘अ’ असेल तर पाय हे चेहरा आणि हात यांच्या पंक्तीला जातात, म्हणजे ते धुवायचे. ‘इ’ असेल तर ते डोक्याच्या पंक्तीला येतात, म्हणजे त्यांवरून फक्त ओला हात फिरवायचा. आरंभीच्या हस्तलिखितांत ऱ्हस्व स्वर लिहिले जात नसत. त्यामुळे दोन्ही पाठ एकाच अक्षरदेहात सुखाने नांदत होते. इब्न मुजाहिदने (मृ. ९३६) प्रमाण मानलेल्या सात वाचनपरंपरांपैकी नाफी, इब्न आमिर आणि किसाई यांचा पाठ ‘अ’चा, तर इब्न कसीर, अबू अम्र आणि हमजा यांचा ‘इ’चा. सातवा वाचक आसिम. त्याच्या दोन शिष्यांचीच दोन तोंडे! हफ्सने ‘अ’ सांगितला, शुअबाने ‘इ’. आज जगात सर्वाधिक प्रचलित असलेला पाठ हफ्सचा आहे.

सुन्नी परंपरेने पाय धुण्याचा निर्णय घेतला, इमामी शिया परंपरेने हात फिरवण्याचा. गंमत अशी की कुणीही विरोधी पाठ खोटा ठरवला नाही. ‘इ’ हा केवळ शेजारच्या शब्दाच्या सान्निध्याने आलेला स्वर आहे, अर्थ मात्र धुण्याचाच, असे सुन्नी व्याकरणकार सांगतात. ‘अ’ असला तरी अन्वय डोक्याशीच लागतो, असे शिया व्याकरणकार सांगतात. भाष्यकार तबरीने (मृ. ९२३) दोन्ही पाठ ग्राह्य धरून, पायांना पाणीही लागावे आणि त्यांवरून हातही फिरावा, अशी सांगड घातली. मात्र व्याकरणाचा हा वाद व्याकरणापुरता राहिला नाही. चामड्याच्या मोज्यांवरून ओला हात फिरवण्याची सवलत (मुक्कामी असलेल्याला एक दिवस-रात्र, प्रवाशाला तीन) सुन्नींनी मान्य केली, शियांनी नाकारली, आणि हा तपशील इतका ओळखीचा ठरला की तहावीच्या (मृ. ९३३) श्रद्धासूत्रांत, ईश्वर आणि परलोक यांविषयीच्या विधानांबरोबर, तो एक कलम म्हणून बसला. समाज एकमेकांपासून वेगळे होऊ लागतात तेव्हा मोज्यासारखी वस्तूही सीमारेषा बनते. हे फक्त इस्लामच्या इतिहासात घडले असे नाही. आडवे गंध आणि उभे गंध पाहिलेल्या आपल्या समाजाला ते वेगळे समजावून सांगायला नको.

तिसरा मुद्दा स्पर्शाचा, आणि तो सर्वांत नाजूक. वजू मोडणाऱ्या गोष्टींत आयतीने शौचाबरोबर ‘स्त्रियांना स्पर्श’ अशा अर्थाचा शब्द वापरला आहे. इथेही दोन पाठ: ‘लामस्तुम’ आणि ‘लमस्तुम’. प्रश्न असा, की हा स्पर्श म्हणजे हाताला हात लागणे की संभोगाचा सभ्य पर्याय? प्रेषितांचे सहकारी असलेल्या पहिल्या पिढीतच याची दोन उत्तरे होती. इब्न अब्बास म्हणत, हा सूचक शब्द आहे. इब्न मसऊद आणि इब्न उमर म्हणत, स्पर्श म्हणजे स्पर्शच. पुढे अबू हनीफा (मृ. ७६७) यांच्या परंपरेने लक्ष्यार्थ घेतला, म्हणून पत्नीच्या स्पर्शाने वजू मोडत नाही. शाफई (मृ. ८२०) यांनी वाच्यार्थ घेतला, म्हणून मोडतो. मालिक (मृ. ७९५) यांच्या परंपरेने मध्यममार्ग काढला: वासना असेल तर मोडतो, एरवी नाही. अभिधा आणि लक्षणा हे आपण काव्यशास्त्राच्या तासाला शिकवतो. इथे त्यांच्यावर पती-पत्नीने पाण्याचा तांब्या एकमेकांच्या हाती कसा द्यावा हे ठरते.

या वादात निर्णायक म्हणून मांडली जाणारी साक्ष एका पत्नीची आहे. आयशा सांगतात, की त्या समोर झोपलेल्या असत, प्रेषित अंधारात नमाज पढत आणि सजद्याची वेळ आली की त्यांच्या पायाला हलकेच स्पर्श करत, मग त्या पाय जवळ घेत. हनफी म्हणतात, पाहा, स्पर्श झाला आणि नमाज चालूच राहिला. शाफई म्हणतात, मध्ये वस्त्र नव्हते कशावरून? दोन्ही पक्षांचा युक्तिवाद बाजूला ठेवला तरी त्या लहानशा खोलीचे चित्र आपल्या मनात राहते: दिवा नाही, जागा अपुरी, एक माणूस प्रार्थनेत आणि दुसरे त्याच्या समोर निजलेले.

या सगळ्या मतभेदांकडे अत्यंत शांतपणे पाहणारा ग्रंथ इब्न रुश्दचा (११२६-११९८) ‘बिदायत अल्-मुज्तहिद’. अॅरिस्टॉटलचा भाष्यकार म्हणून युरोपला माहीत असलेला हा पंडित कॉर्दोबाचा न्यायाधीशही होता. ग्रंथात तो प्रत्येक प्रश्नावर कोण काय म्हणतो ते सांगतो आणि लगेच मतभेदाचे कारण देतो: शब्द अनेकार्थी आहे, किंवा दोन कथने परस्परविरुद्ध आहेत, किंवा एकाने सादृश्याचा आधार घेतला आणि दुसऱ्याने नाही. स्पर्शाच्या प्रश्नावर त्याचे निदान असे, की अरबीत तो शब्द दोन्ही अर्थांनी चालतो, मतभेदाचे मूळ तिथेच आहे. म्हणजे चूक कुणाची नाही. भाषाच तशी आहे. मतभेद हा समोरच्याच्या हेतूत नसून संहितेच्या स्वभावात असू शकतो, ही जाण बाराव्या शतकातल्या एका पाठ्यपुस्तकात इतकी नेमकी व्यक्त झालेली आहे.

उरलेली यादीही बोधक आहे. रक्त वाहिले तर हनफींच्या मते वजू मोडतो, शाफईंच्या मते नाही. रात्रीच्या पहाऱ्यावर बाण लागूनही नमाज न सोडणाऱ्या पहारेकऱ्याची कथा शाफई पुरावा म्हणून देतात. नमाजात मोठ्याने खदखदून हसले तर हनफींच्या मते नमाज आणि वजू दोन्ही मोडतात, इतरांच्या मते फक्त नमाज. उंटाचे मांस खाल्ल्याने हंबलींचा वजू मोडतो, इतर तिघांचा नाही. झोपेने मोडतो हे सर्वमान्य, पण कोणत्या झोपेने? बसल्या बसल्या डुलकी लागली तर शाफई सवलत देतात, कारण बैठक घट्ट असेल तर वायू सरण्याची शक्यता नाही. आणखी एक मूलभूत भेद हेतूचा. शाफई परंपरेत ‘नियत’, म्हणजे मनातला संकल्प, हा वजूचा अनिवार्य भाग आहे. हनफी परंपरेत नाही. नदीत पडलेल्या माणसाचे सर्व अवयव भिजले आणि डोके ओले झाले, तर हनफींच्या मते त्याचा वजू झाला. शाफई विचारतील, तुला वजू करायचा होता का? की नुसताच पडलास?

एवढ्या बारीक यादीने माणूस सतत साशंक होईल, हे उघड आहे. त्यावरचा उपायही याच प्रकरणात आहे. नमाजात काही ‘झाल्यासारखे’ वाटते, अशी तक्रार एकाने प्रेषितांकडे नेली. आवाज ऐकू येईपर्यंत किंवा वास येईपर्यंत जागा सोडू नये, असे त्यांनी सांगितले. पोटातल्या गुरगुरीविषयीच्या या अत्यंत ऐहिक उत्तरातून विधिवेत्त्यांनी एक महासूत्र काढले: शंकेने निश्चिती नाहीशी होत नाही. वजू केल्याचे नक्की आठवते आणि मोडल्याची केवळ शंका आहे, तर वजू आहे. मोडल्याचे नक्की आठवते आणि पुन्हा केल्याची शंका आहे, तर नाही. सुयुती (मृ. १५०५) आणि इब्न नुजैम (मृ. १५६३) यांच्या सूत्रग्रंथांत हे मूलसूत्रांपैकी एक आहे, उस्मानी साम्राज्याने १८६९ ते १८७६ या काळात सिद्ध केलेल्या ‘मजल्ला’ या दिवाणी संहितेचे ते चौथे कलम आहे. कर्ज फेडल्याचा पुरावा नसेल तर कर्ज आहे असे मानायचे, ही रीत आणि वजू यांची नाळ एकच.

परंतु सूत्रे माणसांना वाचवतात तशी अडकवतातही. परागंदा झालेल्या नवऱ्याचा प्रश्न याच सूत्रावर अडला. तो शेवटचा दिसला तेव्हा जिवंत होता, हे निश्चित. मेला असेल, ही शंका. शंकेने निश्चिती जात नाही, म्हणून तो जिवंतच. हनफी परंपरेत, त्याच्या वयाची माणसे जगाआड होईपर्यंत त्याची पत्नी विवाहितच राहायची. पुनर्विवाह नाही. पोटाच्या गुरगुरीवर दिलासा देणारा नियम इथे एका बाईच्या साऱ्या आयुष्यावर दगड होऊन बसला. मालिकी परंपरेने मात्र चार वर्षांच्या प्रतीक्षेनंतर तिची वाट मोकळी केली होती. भारतातले बहुसंख्य मुसलमान हनफी. विसाव्या शतकात देवबंदी परंपरेतले ज्येष्ठ विद्वान मौलाना अशरफ अली थानवी यांनी, हनफी राहूनच या प्रश्नापुरते मालिकी मत स्वीकारता येते, असे ‘अल्-हीलत अन्-नाजिजा’ या ग्रंथात मांडले. पुढे १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यात, नवऱ्याचा चार वर्षे ठावठिकाणा नसणे हे स्त्रीला घटस्फोट मागण्याचे पहिले कारण म्हणून नोंदले गेले. हा कायदा आजही अमलात आहे. मतभेद जपून ठेवल्यामुळे काय साधते याचे याहून ठळक उदाहरण देता येणार नाही. चारांपैकी तीन मते कधीकाळी पुसून टाकली असती, तर अडचणीच्या वेळी उसने घ्यायला शेजारच्या घरात काही उरलेच नसते.

शंकेचा आणखी एक अवतार म्हणजे ‘वसवसा’, मनाची न संपणारी चिरचिर. हात तीनदा धुतले की चारदा, कोपर कोरडे राहिले की काय, नियत नीट झाली की नाही. इब्न कुदामाने (मृ. १२२३) या प्रवृत्तीवर स्वतंत्र पुस्तक लिहिले आणि तिला धर्मनिष्ठा न मानता सैतानाची फसवणूक मानले. त्याआधी गझालीने (मृ. ११११) म्हटले होते, की पूर्वसूरींची सारी काळजी अंतःकरणाच्या शुद्धीची असे आणि बाह्य शुद्धीबाबत ते सैल असत, आता लोक शरीर घासतात आणि अंतःकरणातला मत्सर तसाच ठेवतात. अंगाचे सोवळे आणि मनाचे ओवळे यांवर संतांची वचने वाचत वाढलेल्या मराठी वाचकाला हा सूर परका वाटणार नाही. प्रेषित सुमारे पाऊण लिटर पाण्यात वजू करत, हेही वसवशाविरुद्ध नेहमी सांगितले जाते. आजच्या नळाखाली तेवढे पाणी चूळ भरेपर्यंत वाहून जाते.

इथे एक भाषिक धोका मात्र ध्यानात घ्यायला हवा. मराठीत लिहिताना ‘वजू मोडणे’ याला ‘विटाळ होणे’ असा पर्याय सहज सुचतो, आणि तो दिशाभूल करणारा आहे. फिक्ह दोन गोष्टींत भेद करते: मूत्र, रक्त यांसारखी प्रत्यक्ष अस्वच्छ वस्तू ही ‘नजासत’, आणि वजू नसण्याची अवस्था हा ‘हदस’. नजासत कपड्याला लागू शकते. हदस ही केवळ त्या व्यक्तीची विधीपुरती अवस्था आहे. ती स्पर्शाने दुसऱ्याकडे जात नाही. स्नान आवश्यक असताना प्रेषितांसमोर येण्यास संकोचलेल्या अबू हुरैरा यांना, श्रद्धावान माणूस अपवित्र होत नसतो, असे सांगितले गेले. शाफईंच्या स्पर्शनियमातही स्त्री अपवित्र आहे ही कल्पना नाही. स्पर्शाने दोघांचाही वजू मोडतो, आणि आई-बहिणीच्या स्पर्शाने मुळीच मोडत नाही. जन्माने चिकटणारा, पाण्याने न जाणारा विटाळ या चौकटीत बसत नाही. अर्थात शास्त्र आणि समाज यांत अंतर असते. परधर्मीयांच्या अपवित्रतेचे मत जुन्या शिया ग्रंथांत आढळते, आणि भारतीय मुस्लिम समाजातली जातींची उतरंड एका हौदात हात धुतल्याने विरघळली असेही झालेले नाही. तरीही शब्द निवडताना आपली संकल्पना दुसऱ्याच्या पदरात बांधू नये, एवढी काळजी अनुवादकाने घ्यावीच.

आता पाण्याकडे परत येऊ. साठलेल्या पाण्यात घाण पडली तर ते कधी बाटते? मालिक राहत मदिनेत, म्हणजे पाण्याच्या दुर्भिक्षाच्या मुलखात. त्यांच्या परंपरेत उत्तर सोपे आहे: रंग, वास किंवा चव बदलली तरच. शाफईंनी मापाची अट घातली: दोन ‘कुल्ला’, म्हणजे दोन मोठे रांजण. सव्वा हात लांब, सव्वा हात रुंद, सव्वा हात खोल असे त्याचे गणित पुढे सांगितले गेले. आजच्या मापाने ते साधारण दोनशे लिटर भरते. हनफींनी पृष्ठभागाची अट घातली: दहा हात बाय दहा हात, म्हणजे अंदाजे पंधरा फूट बाय पंधरा फूट. इतका मोठा हौद वाहत्या पाण्यासारखा मानायचा. दिल्ली असो, विजापूर असो, हनफी मुलखातल्या मशिदीच्या अंगणातले ते रेखीव जलाशय वास्तुसौंदर्याचा भाग आहेतच. पण त्यांच्या मापामागे हा नियमही उभा आहे. गझाली स्वतः शाफई. तरी पाण्याच्या बाबतीत आपल्या इमामांचे मत मालिकांसारखे असते तर बरे झाले असते, असे त्याने मोकळेपणाने लिहून ठेवले आहे.

अरबीत, विशेषतः इजिप्तमध्ये, नळाच्या तोटीला ‘हनफिया’ म्हणतात. कैरोत नळाचे पाणी आले तेव्हा इतर पंथांनी ते नवे म्हणून नाकारले, हनफींनी स्वीकारले, म्हणून हे नाव पडले, अशी लोकप्रिय कथा आहे. ती कालविपर्यस्त आहे. एडवर्ड लेनच्या १८३६ साली प्रसिद्ध झालेल्या इजिप्तविषयक ग्रंथात हा शब्द तोट्या बसवलेल्या वजूच्या टाकीसाठी आलेला आहे, आणि त्याचे कारणही दिलेले आहे: हनफींना एक तर वाहते पाणी लागते किंवा मोठा हौद. घरोघरच्या नळांच्या पुष्कळ आधीचा हा शब्द. एका विधिवेत्त्याचे नाव असे तोटीला चिकटून राहिले.

महाराष्ट्रापुरते पाहायचे तर या दोन परंपरांची सीमा सह्याद्रीवरून जाते असे स्थूलमानाने म्हणता येईल. दख्खनच्या पठारावरचा इस्लाम मुख्यतः उत्तरेकडून, खुश्कीच्या मार्गाने आला, तो हनफी. कोकणातला इस्लाम अरबी समुद्रावरून, व्यापारी गलबतांबरोबर आला. तो शाफई, भटकळच्या नवायतांसारखा, मलबारच्या माप्पिळांसारखा आणि दूर इंडोनेशियासारखा. माहीमचे मखदूम अली (१३७२-१४३१) हे कुराणाचे मोठे भाष्यकार शाफईच होते. मुंबईची जामा मशीद १८०२ साली पूर्ण झाली ती एका जुन्या तलावावर कमानी उभारून. आजही वजूचे पाणी तिथे खाली जिवंत आहे. त्या पाण्याशी रत्नागिरीचा शाफई आणि मराठवाड्याचा हनफी शेजारी शेजारी बसतात. एकाच्या बोटाला कापले आणि रक्त ओघळले, तर हनफी पुन्हा वजू करील, शाफई फक्त रक्त धुऊन उठेल. दोघे मग एका रांगेत उभे राहतील.

हे उभे राहणे नेहमीच सोपे नव्हते. भिन्न मताच्या इमामामागे नमाज होतो का, यावर शतकानुशतके वाद झाले. ११८३-८४ मध्ये मक्केला गेलेल्या इब्न जुबैरने काबेभोवती चार सुन्नी परंपरांचे चार इमाम आणि झैदींचा पाचवा अशा स्वतंत्र जमाती पाहिल्या. ही चार ठिकाणांची व्यवस्था सौदी राजवटीने १९२० च्या दशकात मोडली. एकच इमाम आला, त्याबरोबर एकाच मताचा आग्रहही आला, हे विसरता येत नाही. परंतु दुसरा मार्गही परंपरेत होता. अहमद इब्न हंबल (मृ. ८५५) रक्तस्रावाने वजू मोडतो असे मानत. रक्त काढून वजू न करणाऱ्या इमामामागे तुम्ही उभे राहाल का, असे त्यांना विचारले गेले, तेव्हा मालिक आणि सईद इब्न अल्-मुसय्यब यांच्यामागे मी कसा नाही उभा राहणार, असा प्रतिप्रश्न त्यांनी केल्याचे सांगतात. आपले मत सोडायचे नाही आणि समोरच्याची प्रार्थना खोटी ठरवायची नाही, हे दोन्ही एकाच वेळी.

व्याधिग्रस्तांसाठीचा नियम सांगून थांबतो. ज्याचा वजू टिकूच शकत नाही, म्हणजे सतत रक्तस्राव होणारी स्त्री, मूत्रावर ताबा नसलेला वृद्ध, त्याने काय करावे? हनफी म्हणतात, प्रत्येक नमाजाच्या वेळेला एकदा वजू करावा. ती वेळ संपेपर्यंत त्या कारणाने तो मोडला असे धरायचे नाही. शाफई म्हणतात, प्रत्येक अनिवार्य नमाजाला एकदा. दोन्ही नियमांचा अर्थ एकच: शरीर साथ देत नसले तरी माणसाला रांगेतून बाहेर काढायचे नाही. कंठा शोधायला थांबलेल्या काफिल्याला मातीची मुभा मिळाली, तिथपासून ही गोष्ट सुरू आहे. संहितेतला एक स्वर, एक शब्द, एक अध्याहृत पद यांवरून माणसे भांडली, वेगळी झाली, आणि पुन्हा एका हौदाच्या काठी येऊन बसली. आपल्या वर्गात एखाद्या ओळीचे दोन अर्थ निघाले की ‘बरोबर कोणता?’ असे विद्यार्थी विचारतात. इब्न रुश्दची पद्धत त्यांना सांगण्यासारखी आहे: आधी कोण काय म्हणतो ते प्रामाणिकपणे मांडावे, मग मतभेद कशामुळे झाला ते शोधावे. निर्णय त्यानंतरचा. तो होईपर्यंत दोघांनाही पाणी पुरायला हवे.